शिक्षकांच्या शिक्षकालाही विषय असतो

जालना जिल्ह्यात शाळांच्या दर्जाची चर्चा निघाली की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. गणित शिकवायला गणित यावं लागतं, मराठी शिकवायला मराठी, मग बी.एड.च्या प्राध्यापकाला नेमकं काय येतं? विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात कोण कशाचा तज्ज्ञ आहे, कोण कशावर संशोधन करतं, आणि भोकरदन-मंठ्याच्या शाळेला त्याचा काय उपयोग? यापुढचा निष्कर्षही ठरलेला असतो. शिक्षणशास्त्र हा काही ज्ञानाचा विषय नाही, ती नोकरीची एक अट आहे. म्हणून तिथल्या जागा रिकाम्या राहिल्या तरी बिघडत नाही, तासिका तत्त्वावर कुणीही चालेल आणि संशोधनाचे लाड तर मुळीच नकोत.

हा युक्तिवाद मांडणारे सगळे शिक्षणाचे शत्रू नाहीत. त्यांतल्या अनेकांनी निकृष्ट बी.एड. जवळून पाहिलं आहे. त्यांच्या रागाला कारणं आहेत आणि ती मी पुढे मांडणारच आहे. पण त्या रागातून त्यांनी काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे. तो मान्य केला तर सर्वांत मोठं नुकसान जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाचं होईल, कारण घरात शिकवायला कुणी नसलेल्या त्या मुलाचा सगळा भार वर्गातल्या एका शिक्षकावरच असतो.

आधी पहिला मुद्दा घेऊ : विषय आला की शिकवता येतं. लिपिंग मा या संशोधिकेने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या समजुतीची कसून तपासणी केली आहे. तिने अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ प्राथमिक शिक्षकांना एक साधं उदाहरण दिलं : पावणेदोन भागिले अर्धा. ते सोडवा आणि मुलांना त्याचा अर्थ कळेल अशी एखादी गोष्ट रचा. अमेरिकेतल्या २३ पैकी २१ जणांनी गणित करून पाहिलं, बरोबर उत्तरापर्यंत फक्त ९ जण पोहोचले आणि अर्थाला धरून गोष्ट रचता आली ती एकाच शिक्षकाला. बरेच जण ‘अर्ध्याने भागणं’ आणि ‘दोनने भागणं’ यांत घोटाळा करत होते. चीनच्या सर्व ७२ शिक्षकांचं उत्तर बरोबर आलं आणि त्यांपैकी ६५ जणांनी गोष्टही रचली. पदव्यांच्या हिशेबाने मात्र अमेरिकेतले शिक्षक वरचढ होते. चीनमधले शिक्षक नववीपर्यंत शाळा शिकून दोन-तीन वर्षं अध्यापक विद्यालयात गेलेले होते. त्यांच्याकडे जास्तीचं होतं ते शिकवण्यासाठी लागणारं गणित. एकच संकल्पना किती वाटांनी मांडता येते, मूल कुठे अडखळतं, कोणतं उदाहरण आधी घ्यायचं आणि कोणतं नंतर, हे ज्ञान त्यांनी अध्यापक विद्यालयात आणि नंतर शाळेत सहकाऱ्यांसोबत पाठ्यपुस्तकाचा कसून अभ्यास करून कमावलं होतं.

ली शुलमन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९८६च्या लेखात या ज्ञानाची स्वतंत्र ओळख करून दिली. विषयाचं ज्ञान आणि शिकवण्याच्या सर्वसाधारण क्लृप्त्या यांखेरीज एक तिसरं ज्ञान असतं : हाच विषय, याच वयाच्या मुलांना कसा शिकवायचा, याचं. हे गणिताच्या एम.एस्सी.त मिळत नाही आणि फळ्यावर सुवाच्य अक्षर काढायला शिकूनही येत नाही. मराठी मुलाच्या बाबतीत तर त्याला आणखी एक पदर आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच ही मापं त्याच्या कानावरून शाळेआधीच गेलेली असतात. पावणेदोन किलो साखरेच्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पुड्या बांधल्या तर तीन भरतात आणि चौथी निम्मी भरते, हे जाफ्राबादच्या बाजारात बसणाऱ्या बाईच्या मुलीला दिसतं. वर्गात मात्र ‘भागाकार म्हणजे उलटा करून गुणाकार’ एवढंच तिच्या पदरात पडतं. या दोन गोष्टींची सांगड कशी घालायची, हे छात्राध्यापकाला शिकवणारा माणूस गणिताच्या अध्यापनाचा तज्ज्ञ असावा लागतो. ‘कुणीही चालेल’ म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं : हे कुणाला जमेल?

आपल्याच राज्यातला एक प्रसंग आठवून पाहा. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’सोबत ‘साठ तीन’ असं संख्यावाचन आलं आणि महाराष्ट्रभर गदारोळ उठला. चर्चा थेट विधानसभेत पोहोचली. गणित विषय समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर स्वतः गणितज्ञ होत्या. जोडाक्षरांनी भरलेली संख्यानामं लहान मुलांना जड जातात, म्हणून ही वाट सुचवली, असं त्या शांतपणे सांगत राहिल्या. विरोधकांनी भाषेची चिंता मांडली आणि तीही पोकळ नव्हती. त्या चर्चेत मतं उदंड होती. पण प्रश्न मताने सुटणारा नव्हताच. ‘त्रेसष्ट’ ऐकताना तीन आधी कानावर येतात आणि लिहिताना सहा आधी लिहायचे असतात. त्यामुळे किती मुलं ६३ च्या जागी ३६ लिहितात, कोणत्या वयापर्यंत लिहितात, नवी पद्धत वापरली तर चुका किती घटतात आणि जुनी नावं शिकायला पुढे अडचण येते का, हे वर्गात जाऊन मोजता येतं. बाजारहाट करणाऱ्या मुलांमध्ये आणि न करणाऱ्या मुलांमध्ये त्यात फरक पडतो का, हेही पाहता येतं. हे काम वृत्तपत्राचं नाही, आमदाराचंही नाही. ते शिक्षणशास्त्र विभागाचं आहे. असं काम करणारी माणसं विभागात नसली की शिक्षणाचे प्रश्न आवाजाच्या जोरावर सुटतात.

‘संशोधनाचे लाड कशाला’ हा दुसरा मुद्दा. मॅक्सीन बर्नसन यांचं उदाहरण समोर ठेवतो. मूळच्या अमेरिकेच्या आणि पुढे भारताच्या नागरिक झालेल्या या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी पीएच.डी.साठी विषय निवडला तो फलटणच्या लोकांच्या बोलण्याचा. एकाच गावात वेगवेगळ्या समाजगटांची मराठी कशी वेगळी आहे, याचा. वरवर पाहता याहून ‘निरुपयोगी’ संशोधन कोणतं असेल? पण त्याच बाई पुढे फलटणला राहिल्या, प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली, १९८६ साली कमला निंबकर बालभवन सुरू झालं. पूर्ण मुळाक्षरं आणि बाराखडी संपेपर्यंत मुलाला शब्दांसाठी ताटकळत न ठेवता, अक्षरांच्या आणि मात्रांच्या छोट्या गटांतून त्याला लवकर वाचतं करण्याची पद्धत तिथे घडली. घरातली बोली आणि पुस्तकातली मराठी यांतलं अंतर ज्याने मोजलंय, त्यालाच ते अंतर मूल कसं पार करील हे सुचतं. संशोधनाची आवड आणि शाळेची गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मानणाऱ्यांनी फलटणला एकदा जाऊन यावं.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली सुरू केलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा इतिहासही हेच सांगतो. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या महापालिका शाळांत आणि जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या शाळांत काम केलं. गरीब घरातली मुलं विज्ञानात मागे पडतात ती बुद्धी कमी म्हणून नव्हे. पाठ्यपुस्तकाची भाषा आणि शिकवण्याची रीत त्यांच्या आड येते, हे त्यांनी मुलांबरोबर काम करून दाखवून दिलं. ‘या मुलांची कुवतच नाही’ हा शिक्षक-खोलीतला लाडका समज अशा संशोधनाने मोडतो. भाषणांनी तो आजवर मोडलेला नाही.

आता आरोपातला खरा भाग. शिक्षणशास्त्रातलं पुष्कळ संशोधन नि:सत्त्व आहे, हे मला मान्य आहे. ‘अमुक तालुक्यातील माध्यमिक विद्यार्थ्यांच्या तमुक घटकाचा व शैक्षणिक संपादणुकीचा सहसंबंध’ या साच्यातले प्रबंध ग्रंथालयांत रचलेले आहेत. तालुका बदलायचा, घटक बदलायचा, प्रश्नावली वाटायची, टी-मूल्य काढायचं आणि शेवटी ‘शिक्षकांनी जागरूक राहावे’ अशी शिफारस करायची. विभागाच्या माहितीपत्रकात अध्यापकांच्या नावापुढे ‘शैक्षणिक मानसशास्त्र, शैक्षणिक तंत्रज्ञान, मूल्यशिक्षण, संशोधन पद्धती’ अशी मोठी रांग असते. सगळ्याचे तज्ज्ञ म्हणजे बहुधा कशाचेच तज्ज्ञ नाहीत, असं त्या रांगेवरून वाचणाऱ्याला वाटलं तर त्याचा दोष नाही.

पण हे कुणी घडवलं, तेही पाहू. कोठारी आयोगाने १९६४-६६मध्येच अध्यापक शिक्षणाच्या एकाकीपणावर बोट ठेवलं होतं. ही महाविद्यालयं विद्यापीठीय ज्ञानजीवनापासून तुटलेली, शाळांपासून तुटलेली आणि एकमेकांपासूनही तुटलेली. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक होते, म्हणजे महाराष्ट्राच्याच शिक्षणातला माणूस हे निदान लिहून गेला. पुढे अध्यापक महाविद्यालयांचं अमाप पीक आलं. महाराष्ट्रातल्या २९१ डी.एड. संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यातूनच न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला. त्या संस्थांपैकी पात्र ठरल्या अवघ्या ४४. आयोगाचा अहवाल २०१२चा. २०१०नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या गुणांकन पद्धतीने प्राध्यापकाला शोधनिबंध मोजायला लावले. तो निबंध वाचून एखाद्या वर्गात काही बदललं का, हे मोजायची सोय त्यात नव्हती. मान्यता विकत मिळते, पदं वर्षानुवर्षं भरली जात नाहीत आणि बढती निबंधांच्या संख्येवर अवलंबून असते, तिथे नि:सत्त्व संशोधन उगवलं तर नवल काय? रोगाचं कारण दाखवून रोग्याला घराबाहेर काढा म्हणणं हा उपचार होत नाही.

आणि नियम काय सांगतात? राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या निकषांनुसार दरवर्षी शंभर विद्यार्थी घेणाऱ्या बी.एड.ला प्राचार्यासह सोळा अध्यापक लागतात. त्यांत शिक्षणाच्या तात्त्विक-सामाजिक अंगांसाठी चार. गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांच्या अध्यापनासाठी आठ. शिवाय शारीरिक शिक्षण, दृश्यकला आणि प्रयोगकला यांचा प्रत्येकी एक. म्हणजे ‘कुणीही चालेल’ हे कायद्यालाच मान्य नाही. २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणखी पुढे जातं. शिक्षणशास्त्र विभागांतल्या अध्यापकवर्गात वैविध्य हवं आणि शिकवण्याचा, प्रत्यक्ष क्षेत्रातल्या कामाचा आणि संशोधनाचा अनुभव मोलाचा मानावा, असं ते म्हणतं. मानसशास्त्र, बालविकास, भाषाशास्त्र, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, तसंच गणित आणि विज्ञान शिक्षण या क्षेत्रांतली माणसं अध्यापक शिक्षणात आणावीत, असंही ते सांगतं. या धोरणाच्या इतर भागांवर वाद जरूर घाला. पण इथे ते आपल्या बाजूने बोलतं आहे, तेव्हा त्याची अंमलबजावणी मागितली पाहिजे.

तिसरा मुद्दा सर्वांत घातक आहे. जालन्यासारख्या जिल्ह्यातल्या शाळांवर संशोधन म्हणजे छोटं, गावठी काम. मोठं संशोधन दिल्ली-मुंबईत होतं, आपण ते वापरावं. असं म्हणणाऱ्यांना बदनापूरचं कृषी संशोधन केंद्र माहीत असेलच. तुरीचे बीडीएन नावाचे वाण तिथले. मराठवाड्याच्या जमिनीत आणि पावसाच्या खंडात टिकेल अशी तूर दिल्लीत बसून काढता येत नाही, हे इथल्या शेतकऱ्याला पटवून द्यावं लागत नाही. तुरीला जी काळजी आपण देतो ती मुलांना नाकारायची, असा हा न्याय आहे.

जालन्याचे शैक्षणिक प्रश्न उसने आणलेले नाहीत. सप्टेंबर १९४८पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली स्थापन झालं, जालना स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९८१ला. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता राज्याच्या सरासरीपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक मागे होती आणि सात वर्षांवरच्या दर दहा स्त्रियांपैकी जवळपास चार जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या स्त्रियांची मुलं-नातवंडं आज वर्गात आहेत. ‘घरी अभ्यास घ्या’ हा सल्ला इथे किती घरांत चालतो?

अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेलं कुटुंब पाडव्याच्या आगेमागे परततं. हंगामी वसतिगृहं आहेत. मूल आजी-आजोबांजवळ राहिलं तर त्यांचा आधार मिळतो. पण जी मुलं आईबापांबरोबर कोपीवर, म्हणजे तोडणीच्या मुक्कामावर, जातात, त्यांच्या शिकण्यातलं नेमकं काय निसटतं? वाचनाचा वेग की हातचा घेण्याची समज? परतल्यावर चार आठवड्यांत काय भरून काढता येतं आणि कोणत्या क्रमाने? मंठ्याच्या तांड्यावरचं मूल घरी गोरमाटी बोलतं. त्याला पहिलीत मराठी ही दुसरी भाषा म्हणून शिकवायला हवी की पहिली म्हणून? जालना शहरातल्या उर्दू शाळेतून बाहेर पडलेल्या मुलीला मराठीतलं विज्ञान कुठे अडतं? एक शिक्षक आणि चार इयत्ता अशा शाळेत गणिताचा तास कसा आखायचा? या प्रत्येक प्रश्नाला एकेक अध्यापक आपली दहा वर्षं देऊ शकतो. या प्रश्नांना दिल्लीत उत्तर तयार नाही. आणि ज्या छात्राध्यापकाने हे प्रश्न कधी ऐकलेच नाहीत, तो आंतरवासितेत सुबक पाठ-टाचण लिहून पहिल्या नेमणुकीच्या शाळेत गोंधळून उभा राहील.

चौथा आणि अगदी ताजा मुद्दा : आता व्हिडिओ आहेत, ॲप आहेत, स्वयंसेवी संस्था आहेत, कृत्रिम बुद्धिमत्ता आहे, मग हे विभाग कशाला? स्वयंसेवी संस्थांचं काम मोठं आहे. पालघर जिल्ह्यातल्या वाड्याजवळच्या सोनाळ्याहून चालणाऱ्या ‘क्वेस्ट’ने आदिवासी मुलांच्या वाचनावर केलेलं काम कुणालाही आदर वाटावा असं आहे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शिक्षकांनी शाळा कशा बदलल्या हे पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले, आणि २२ जून २०१५ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला. पण संस्था निधीवर चालतात आणि अधिकारी बदलून जातात. त्यांनी शोधलेलं टिकवायचं, तपासायचं, दरवर्षी नव्या शेकडो छात्राध्यापकांपर्यंत पोहोचवायचं, हे काम फक्त कायमस्वरूपी विभागच करू शकतो. राहिला व्हिडिओ. पडद्यावरचा शिक्षक समोरच्या मुलाने ६३ ऐवजी ३६ का लिहिलं हे विचारत नाही. ते विचारायला माणूस लागतो आणि त्या माणसाला ते विचारायला कुणीतरी शिकवावं लागतं.

म्हणून विभाग बंद करण्याची किंवा पातळ करण्याची मागणी मला मान्य नाही. मागणी उलट हवी : विभागाकडून जास्त मागा. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा शिक्षणशास्त्र विभाग, जिल्ह्यातली अध्यापक महाविद्यालयं आणि १९८६च्या धोरणातून जन्मलेली जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, या तिघांनी मिळून जिल्ह्याच्या प्रश्नांची यादी करावी आणि प्रबंधांचे विषय तिच्यातून निघावेत. प्रत्येक अध्यापकाने आपलं विशेष क्षेत्र एका वाक्यात लिहावं आणि ते वाक्य घनसावंगीच्या प्राथमिक शिक्षकाला कळेल असं असावं. ‘शैक्षणिक मानसशास्त्र’ हे क्षेत्र झालं नाही. ‘स्थलांतराहून परतलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांचं वाचन’ हे क्षेत्र झालं. प्रबंधाचा निष्कर्ष ज्या शाळांतून माहिती घेतली त्या शाळांत, मराठीत, शिक्षकांसमोर मांडल्याशिवाय तो पूर्ण मानू नये. अध्यापकाने वर्षातले काही आठवडे शाळेत स्वतः शिकवावं. आणि शासनाने रिकामी पदं भरावीत. गणिताच्या अध्यापनाचा माणूसच नेमला नसेल, तर गणित शिक्षक कच्चे निघाले म्हणून बोंब मारायचा अधिकार शासनाला नाही.

हे मागणं अवास्तव नाही. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांबरोबर राहून अंगणवाडीची कल्पना घडवली, ती नंतर देशाच्या कामी आली. त्यांनी आधी मुलं पाहिली आणि मग शास्त्र लिहिलं. त्याच क्रमाने काम करणारी माणसं जालन्याला मिळू शकतात, पण त्यांचं ज्ञान ज्ञान म्हणून मान्य करायला आपण तयार असलो तरच.

जालन्यातल्या पालकांना, शाळा व्यवस्थापन समित्यांच्या सदस्यांना आणि जिल्हा परिषदेच्या सभासदांना माझं सांगणं आहे : अध्यापक महाविद्यालयात गेलात तर इमारत आणि निकालाची टक्केवारी विचारू नका. तिथल्या प्रत्येक अध्यापकाला एकच विचारा की आमच्या मुलांच्या कोणत्या अडचणीचा तुम्ही अभ्यास करता? ज्याच्याकडे उत्तर आहे त्याच्या पाठीशी उभे राहा. ज्याच्याकडे नाही, त्याच्याकडे ते तयार होईपर्यंत विचारत राहा. जागा रिकामी असेल तर ती भरेपर्यंत शासनाला विचारत राहा.